शंभर किलो तेलाचा ताळा: कुंडईच्या शेडमधल्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

आजपासून रोज मामांच्या शेडवर, गोव्यात फोंड्याजवळ कुंडईला. मामांनी गेल्या वर्षी जुना रिअॅक्टर विकत घेतला. दोनशे लिटरचा, एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील), बाहेरून जॅकेट म्हणजे दुसरी भिंत, खाली कोन आणि कोनाच्या तोंडाशी साइट ग्लास, म्हणजे आत बघायची काच. जॅकेटमधून गरम पाणी फिरतं. ते बाजूच्या टाकीत ६ किलोवॅटच्या हीटरवर तापतं. हीटर रिअॅक्टरमध्येच का नाही, असं दर पाहुणा विचारतो. आत मिथेनॉल असतं म्हणून, झटकन पेटणारं अल्कोहोल. मोटरही फ्लेमप्रूफ आहे, एवढं मामांनी नीट बघून घेतलंय.

काम असं: तळणीचं जुनं तेल आणायचं, त्याचं बायोडिझेल करायचं. किनाऱ्यावरचे शॅक्स ऑक्टोबरशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे पावसाळाभर फोंड्याची हॉटेलं आणि लग्नाचे केटरर. टोटल पोलर कंपाउंड्स (तळून तळून तेल बिघडतं तसे वाढणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल कढईत चालत नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासूनचा. तेव्हापासून निदान काही जण तरी तेल गटारात न ओतता बॅरलमध्ये ठेवतात.

मामांचा प्रश्न सरळ होता. "बाय, शंभर किलो तेल आत जातं. बाहेर किती यायला पाहिजे ते मला सांग. मी दरवेळी वजन करतो आणि दरवेळी कमीच भरतं." चार वर्षं औषधांच्या प्लांटमध्ये काढली, तिथे बॅलन्सची, म्हणजे आत किती आणि बाहेर किती याची, शीट आयती छापून यायची आणि मी सही करायची. असं कुणी विचारलंच नव्हतं.

शेडवर तिसरे तात्या. धारबांदोड्याच्या साखर कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांची एक जाड वही आहे, तिच्यात ते काय काय लिहीत असतात. बघायला मागायची आहे.

८ जुलै

कागदावरचा हिशेब. आधार: १०० किलो तेल. सगळं तेल ट्रायओलीन, म्हणजे एकाच जातीच्या रेणूचं, धरलं, रेणुभार ८८५. तसं ते नसतं, पण कुठूनतरी सुरुवात करायची. तेलाच्या एका रेणूला मिथेनॉलचे तीन लागतात. बदल्यात मिथाइल एस्टरचे, म्हणजे बायोडिझेलचे, तीन आणि ग्लिसरीनचा एक. ही प्रक्रिया उलटीही फिरते, म्हणून मिथेनॉल दुप्पट घालून तिला पुढे रेटायचं: तीनाच्या जागी सहा. १०० किलो तेल म्हणजे ११३ मोल, त्याच्या सहापट मिथेनॉल २१.७ किलो.

टायट्रेशन केलं, म्हणजे थेंब थेंब अल्कली घालून तेलातलं आम्ल मोजलं. अॅसिड व्हॅल्यू ३.२, म्हणजे मुक्त फॅटी आम्ल १.६ टक्के. ते मारायला ०.३२ किलो कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), वर उत्प्रेरक म्हणून ०.९ किलो. मिळून १.२२. फ्लेक्स ८५ टक्के शुद्ध असतात, तेव्हा तोलायचे १.४३ किलो.

आत एकूण १२३.१ किलो. बाहेरही तेवढंच यायला हवं, मग ते कुठल्याही रूपात का असेना. तेलातलं ०.२ टक्के पाणी आणि मुक्त आम्ल वजा केलं तर खरं तेल ९८.२ किलो. ते सगळं बदललं तर एस्टर ९८.६, ग्लिसरीन १०.२, खर्ची पडलेलं मिथेनॉल १०.७, आणि न वापरलं गेलेलं ११ किलो. हे ११ किलो कुठल्या थरात जातं ते पुढे बघू, बहुतेक खालच्या.

ऊर्जेचा हिशेब संध्याकाळी घाईत केला. तेलाची विशिष्ट उष्णता (एक किलो एक अंशाने तापवायला लागणारे किलोज्यूल) २.०, मिथेनॉलची २.५५. २८ वरून ६० अंशांवर न्यायला ८,१७० किलोज्यूल. १ युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल, तर सव्वादोन युनिटं. प्रक्रियेची स्वतःची उष्णता जवळजवळ शून्य: एस्टरचाच एस्टर होतो, जेवढे बंध तुटतात तसलेच पुन्हा जुळतात. ६ किलोवॅटचा हीटर, २३ मिनिटांत काम व्हायला पाहिजे.

मामांना सांगितलं, २३ मिनिटं. ते काही बोलले नाहीत. तात्या हसले.

९ जुलै

पहिली बॅच. ८० मिनिटं लागली.

तात्या का हसले ते कळलं.

एक गोष्ट मात्र डोळ्यांनी बघण्यासारखी. पोटॅश मिथेनॉलमध्ये विरघळवताना बंद टाकीच्या अंगाला हात लावला तर चहाच्या कपासारखी ऊब. थर्मामीटर २८ वरून ४६ वर. १.२२ किलो पोटॅश म्हणजे २१.७ मोल, पाण्यात विरघळताना मोलमागे ५७ किलोज्यूल निघतात तेवढेच इथे धरले तर १,२४० किलोज्यूल, आणि मिथेनॉल २२ अंशांनी तापावं. १८ ने तापलं, बाकीचं टाकीने आणि हवेने घेतलं असणार. म्हणजे ज्या प्रक्रियेसाठी एवढी धडपड ती गार, आणि तिची नुसती तयारी गरम. यातले हजारेक किलोज्यूल रिअॅक्टरमध्ये फुकट येतात. जमेला लिहिले.

नंतर ९० मिनिटं धरून ठेवलं. टाकीचा थर्मोस्टॅट ६८ वर, आत ६३. हीटरवर वेगळा मीटर लावून घेतलाय: तापवायला ६.८ युनिटं, धरून ठेवायला ३.२.

रात्रभर थर बसू दिला.

१० जुलै

वरचा थर, बायोडिझेलचा, १००.२ किलो; खालचा, ग्लिसरीनचा, १८.१. बेरीज ११८.३. आत गेलं होतं १२३.१.

४.८ किलो गायब. जवळपास चार टक्के. मामा म्हणाले, "बघ. मी तुला सांगितलं नव्हतं?"

वजनकाटा तपासला. १५० किलोचा प्लॅटफॉर्म काटा, ५० ग्रॅमच्या पायऱ्या. किराणा दुकानातून २० किलोची दोन वजनं आणून चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिली. काटा प्रामाणिक आहे. एका अर्थी वाईटच झालं, काट्यावर ढकलता आलं असतं.

११ जुलै

आधी ऊर्जा, कारण तिथली चूक माझी आहे हे नक्की.

हीटर ६ किलोवॅटचा, पण तो २३० व्होल्टला. परवा मी मीटर लावून पाहिलं तर २१२ व्होल्ट होते. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घसरते. हातात येतात ५.१ किलोवॅट. ८० मिनिटांचे ६.८ युनिट, मीटरशी तंतोतंत. म्हणजे हीटर सलग चालू होता, क्षणभरही बंद पडला नाही.

आता हे ६.८ गेले कुठे? तेलाला ६,४०० किलोज्यूल. मिथेनॉल आधीच ४६ वर, त्याला जेमतेम ७७०. आणि मी विसरले ते दोघे: रिअॅक्टरचं पोलाद ८५ किलो, त्याला साधारण १,५००, आणि टाकी-जॅकेट मिळून फिरणारं साठ लिटर पाणी. साठ किलो, विशिष्ट उष्णता ४.१८, २८ वरून ६८: १०,०३० किलोज्यूल! तेल तापवायला जेवढं लागतं त्याच्या दीडपट नुसतं पाणी तापवायला. परीक्षेत "रिअॅक्टरची स्वतःची उष्णताधारकता नगण्य धरा" असं एक वाक्य असायचं. इतकी वर्षं त्या वाक्याचे पैसे कोण भरत होतं कोण जाणे.

बेरीज १८,७०० किलोज्यूल, ५.२ युनिटं. उरले १.६. ८० मिनिटांत १.६ युनिट म्हणजे सरासरी १.२ किलोवॅट सारखे बाहेर. जॅकेट उघडं, पाइप उघडे, टाकीवर झाकण नाही.

संध्याकाळी तात्यांची वही शेवटी मागितली. दर बॅचच्या दिवशी एक ओळ: "टाकीत पाणी १.५ लि. घातले." गळती आहे का विचारलं तर म्हणाले, "गळती नाय बाय, वाफ. साखर कारखान्यात असलं पाणी आम्ही रोज लिहायचो." दीड किलो पाणी वाफ होऊन गेलं, किलोमागे २,३४० किलोज्यूल. ३,५१० किलोज्यूल. एका बॅचमागे जवळजवळ एक पूर्ण युनिट नुसतं टाकीच्या तोंडातून. तात्यांनी ते महिनोन् महिने लिहून ठेवलंय, फक्त लिटरमध्ये.

१५ जुलै, मंगळवार

दुसरी बॅच. यावेळी ठरवलं, काहीही न तोलता बाहेर जाऊ द्यायचं नाही.

थर वेगळे करताना दोघांच्या मधे साबणाचा एक मळकट, तळलेल्या रव्यासारखा दिसणारा पट्टा येतो. आजवर तो निळ्या बादलीत काढून कोपऱ्यात जायचा. तोलला: ०.९ किलो. कोन, पंप आणि खालची नळी उघडून निथळवली: दीड किलो. माझे टायट्रेशनचे नमुने, बाटल्या धुताना गेलेलं धरून: ०.३. मिळून २.७. बाकी सगळे आकडे पहिल्या बॅचसारखेच, म्हणजे ४.८ मधले २.७ सापडले.

अजून २.१ किलो.

काट्याच्या पायऱ्या, बॅरलच्या तळाला चिकटलेलं, हाताला लागलेलं, सगळं उदार मनाने धरलं तरी अर्धा किलो. दीड किलोच्या वर काहीतरी खरंच शेडमधून जातंय, आणि ते दिसत नाही.

धरून ठेवायच्या ९० मिनिटांचा हिशेब रात्री घरी मांडला. बाहेरचा पृष्ठभाग सगळा मिळून तीन चौरस मीटर. उष्णतेचा गुणांक (अंशामागे दर चौरस मीटरमधून बाहेर जाणारे वॅट) ११ धरला, बाहेर २८, पाणी ६८. १.३२ किलोवॅट. टाकीच्या वाफेचे ०.३. रिअॅक्टरचं झाकण वगैरे ०.१५. दीड तासाचे २.७ युनिट होतात. मीटर म्हणतो ३.२. अर्धं युनिट जास्त.

अर्धं युनिट म्हणजे १,८०० किलोज्यूल. मिथेनॉलची सुप्त उष्णता किलोमागे सुमारे १,१००. भागाकार केला: १.६ किलो.

दोनदा केला.

मग स्वतःलाच आवरलं. तो ११ चा गुणांक मी पुस्तकी अंदाजाने घेतलाय. तो १३ असता तर ०.३६ युनिट आपोआप जुळले असते आणि मिथेनॉलचं नावही निघालं नसतं. दोन मोठे आकडे वजा करून आलेल्या लहान आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे ज्या सरांनी शिकवलं त्यांचा चेहरा आठवला.

१८ जुलै, शुक्रवार

गुणांकाचा अंदाज करायचाच नाही असा उपाय: तीच बॅच, पण मिथेनॉलशिवाय. नुसतं १०० किलो तेल, पोटॅश नाही, मिक्सर चालू, टाकी ६८ वर, ९० मिनिटं. पाऊसही तसाच, हवाही तेवढीच. भिंतीतून, पाइपातून, टाकीतून जे जातं ते दोन्ही वेळा सारखंच जाईल. वजाबाकीत ते आपोआप कटतं.

मीटर: २.७ युनिट. फरक ०.५. मीटर ०.१ पर्यंतच वाचतो, तेव्हा मिथेनॉल १.३ ते २ किलोच्या मधे कुठेतरी. वजनातून सापडत नव्हतं तेही तेवढंच.

आणि त्याहून बोलकी गोष्ट मी जवळजवळ लिहायचीच राहिले होते. आज आतलं तापमान ६६ ला गेलं. मिथेनॉल असताना, जॅकेट तेच असून, ते ६३ च्या वर सरकत नव्हतं. मिथेनॉल ६४.७ ला उकळतं. आत काहीतरी उकळून उष्णता घेऊन वर जात होतं, आणि मी दोन बॅचभर त्या ६३ कडे बघून "छान स्थिर आहे" असं लिहून ठेवलं.

वर गेलेलं खाली यायला पाहिजे. त्यासाठी तर वर कंडेन्सर, म्हणजे वाफ गार करून परत द्रव करणारा भाग, बसवलाय.

१९ जुलै

शिडी लावून वर. कंडेन्सरच्या पाण्याची आत येणारी नळी, तिच्यावर प्रेशर गेज, गेज व्यवस्थित सव्वा किलो दाखवतोय. रोज सकाळी तात्या तो बघूनच "पाणी चालू" असं लिहितात. मीही बघितलाय. परतीची नळी खाली थेट झाकलेल्या गटारात उतरते, म्हणून पाणी पडतंय का नाही ते कुणाला दिसत नाही. तात्यांनी ती ओढून बाहेर काढली आणि आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत बसलो.

एक थेंब नाही.

गेजच्या पुढे गाळणी आहे. उघडली तर आतली जाळी दिसतच नव्हती. लाल मातीचा घट्ट गोळा, वर बोटाचा ठसा उमटेल इतका मऊ. पाणी विहिरीचं, पावसाळ्याचं. दाब होता, प्रवाह नव्हता. गेज खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलं तेवढंच त्याने सांगितलं.

व्हेंट, म्हणजे रिअॅक्टरची वाफ बाहेर सोडणारी नळी, छपराच्या वर काढलेला आहे, ही एक गोष्ट देवाने राखली. मिथेनॉलची वाफ विषारी तर आहेच, हवेत सहा टक्के झाली की ठिणगीची वाट बघते. मामांना सांगितलं तेव्हा पैशांचा हिशेब त्यांनी नंतर केला. आधी वर जाऊन व्हेंटचं तोंड बघून आले. परतीची नळी आता उघड्या फनेलमध्ये पडते. धार दिसली पाहिजे, आवाज आला पाहिजे.

२२ जुलै

तिसरी बॅच. व्हेंटच्या तोंडाला दहा लिटर पाण्याचा कॅन लावला, नळी पाण्यात जेमतेम एक सेंटीमीटर बुडवून, म्हणजे रिअॅक्टर गार होताना पाणी उलटं खेचणार नाही. मिथेनॉल पाण्यात पूर्ण विरघळतं. जे निसटेल ते कॅनच्या वजनात दिसेल. हा कॅन मात्र स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर तोलला. ९० मिनिटांनी ५० ग्रॅम वाढला. १.६ किलोचे ५० ग्रॅम!

एवढा आनंद झाला आणि थर काही बसेना. सकाळी बघितलं तर खाली ग्लिसरीनऐवजी जेलीसारखं काहीतरी. एकूण वजन मात्र छान जुळत होतं, अर्ध्या टक्क्याच्या आत. सगळा पैसा खात्यात आहे, पण भलत्याच्या नावावर.

२३ जुलै

गुन्हेगार पोटॅशच्या पोत्यात. तोंड नुसतं पिळून ठेवलेलं. वरचे फ्लेक्स ओले, एकमेकांना चिकटून त्यांचा शिरा झालेला. जुलैतली गोव्याची हवा, पोटॅश तिच्यातलं पाणी पिऊन बसलं. टायट्रेशन: ८५ टक्क्यांचे ७१ झालेत.

मी १.४३ किलो तोललं, पण त्यात पोटॅश १.०२ च. मुक्त आम्लाने ०.३२ खाल्लं, उत्प्रेरक म्हणून ०.७ उरलं, आणि दोनशे ग्रॅम पाणी जास्तीचं आत गेलं. उत्प्रेरक कमी म्हणून तेल अर्धवट, पाणी जास्त म्हणून साबण. एकूण वजनाच्या ताळ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याच्या लेखी किलो म्हणजे किलो. म्हणून पाण्याचा वेगळा आणि पोटॅशचा वेगळा स्तंभ घातला. पोटॅश आता झाकणाच्या ड्रममध्ये, आणि दर आठवड्याला टायट्रेशन.

(मामांनी विचारलं, पोतं उघडं कुणी ठेवलं. तिघांनीही छपरावरच्या पावसाकडे बघितलं.)

२९ जुलै, नागपंचमी

सुट्टीच, पण एका केटररचा बॅरल आला म्हणून तासभर गेले. तात्यांनी घरच्या पातोळ्या आणल्या होत्या, हळदीच्या पानाचा वास शेडमधल्या तळणीच्या वासावर मात करून राहिला.

बॅरलमधलं तेल गढूळ आणि वरून जरा थिजल्यासारखं. वास घेतल्यावर शंका राहिली नाही: खोबरेल मिसळलंय. सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू (एक ग्रॅम तेलाचा पूर्ण साबण करायला लागणारे पोटॅशचे मिलिग्रॅम) काढली, २२८. ट्रायओलीनची १९० येते. खोबरेलाच्या साखळ्या आखूड, म्हणून रेणू हलका. सरासरी रेणुभार ७३८ निघाला. शंभर किलोत रेणू जास्त, आणि मी मिथेनॉल तेवढंच, २१.७, घातलं असतं तर सहास एक हे प्रमाण नकळत ५ वर आलं असतं. आता प्रत्येक बॅरलची व्हॅल्यू आधी, मग मिथेनॉल. हे तेल वेगळं ठेवलं.

५ ऑगस्ट

आठवडाभर पत्र्याचं काम. जॅकेट आणि पाइपांवर २५ मिलिमीटर ग्लासवूल, वर अॅल्युमिनियमचा पत्रा, टाकीला झाकण. कागदावर १.३२ किलोवॅटचे दीडशे-पावणेदोनशे वॅट व्हायला हवेत. फ्लँज, पाय, व्हॉल्व्ह उघडेच आहेत, तेव्हा तेवढं होणार नाही.

एक गोष्ट मात्र ग्लासवूलने सुटत नाही. कंडेन्सर चालू झाला तेव्हा किलो परत आले, किलोज्यूल नाही. आधी वाफ छपरावरून जायची, आता तीच वाफ कंडेन्सरमध्ये द्रव होऊन खाली पडते आणि तिची उष्णता गटारात जाते. हीटरला दोन्ही सारखंच. वजनाचा ताळा जुळला म्हणून मी खूश होते, विजेच्या बिलात त्याचा काडीचाही फरक नाही. उपाय उकळूच न देणे: टाकी ६८ वरून ६२ वर आणली. आत ५८-५९ राहील. प्रक्रिया तेवढ्यातही होते.

१२ ऑगस्ट

मिथेनॉल परत मिळवायचा पहिला प्रयत्न. ग्लिसरीनचा थर आणि एस्टर वेगवेगळे तापवून.

अकरा किलोला १२,००० किलोज्यूलच्या वर, म्हणजे ३.४ युनिट, तेही नुसती वाफ करायला. तेल तापवायला १.८. सहास एक म्हणून जे जास्तीचं मिथेनॉल घालतो, त्याला परत आणणं तेल तापवण्याच्या दुप्पट महाग. मामा म्हणाले, "मग कमी घाल." कमी घातलं तर तेल अर्धवट राहतं. दोन टप्प्यांत घालायचं, मधे ग्लिसरीन काढून टाकायचं, असा मार्ग आहे, चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थी झाली की.

हाती आलं ७.९ किलो, आणि घनतेवरून त्यात थोडं पाणी. मिथेनॉल आणि पाण्याचा अॅझिओट्रोप (उकळूनही वेगळं न होणारं ठरावीक मिश्रण) होत नाही, इथेनॉलसारखं अडून बसत नाही; नीट कॉलम असेल तर पूर्ण सुटतं. आमच्याकडे कॉलम म्हणजे एक सरळ पाइप आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

पाचवी बॅच. (चौथी लाइट गेल्यामुळे मधेच सोडली, तिचा हिशेब धरत नाही.) तेल पुन्हा पहिल्याच हॉटेलचं, अॅसिड व्हॅल्यू ३.२, पोटॅश नव्या ड्रममधलं. म्हणजे पहिल्या बॅचशी तुलना करता येईल.

आत १२३.१. बाहेर: वरचा थर १०१.२, खालचा १९.३, मधला पट्टा ०.९, नळी आणि पंपातून निथळलेलं ०.८, नमुने ०.३, व्हेंटच्या कॅनमध्ये ०.०५. बेरीज १२२.५५. सापडत नाही ते अर्ध्या किलोच्या थोडं वर, अर्धा टक्का. पहिल्या बॅचलाही सगळं शोधून झाल्यावर अर्धा किलोच उरला होता. तो बहुधा या शेडचाच आहे: काट्याच्या पायऱ्या, बॅरलच्या भिंती, आमचे हात. त्याच्या मागे लागणार नाही.

वीज: तापवायला ५.२, धरून ठेवायला ०.९. मिळून ६.१. पहिल्या बॅचला १० लागली होती. कागदावर तापवायचे ४.६ येतात, त्यातलं अर्ध्याच्या वर अजूनही त्या साठ लिटर पाण्याचं. टाकी लहान करता येईल का बघायचं. पंपाला पुरेल एवढं तीस लिटर तरी.

मामांना वहीचं पान दाखवलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, ०.०५ वर थांबले. "हे काय?"

व्हेंटचा कॅन.

"पन्नास ग्रॅम पण लिहिलंस?"

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा चवथ. शेड शनिवारपर्यंत बंद. मिथेनॉलचे ड्रम सावलीत, व्हॉल्व्ह बंद, पोटॅशचं झाकण दोनदा तपासलं. गाळणी उघडून धुतली. आठवड्यात पुन्हा चमचाभर लाल माती.

माझी शीट तात्यांना छापून हवी होती, पण मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. करून दिली. त्यांनी ती वहीत डकवली आणि खाली आजची ओळ लिहिली: "टाकीत पाणी घातले नाही. गरज पडली नाही."